वेळास: दोन रिकाम्या फेऱ्या आणि मग अकरा पिल्ले

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ असलेल्या वेळास गावी मार्चअखेरीस आम्ही दोन रात्री मुक्काम केला. नाना फडणवीसांचे गाव म्हणून वेळास पूर्वीपासून परिचित असले, तरी आता तेथे गर्दी होते ती किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांमुळे. एके काळी या किनाऱ्यावरची बहुतेक अंडी माणसे किंवा कोल्हीकुत्री पळवत. 2002 च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन संवर्धनाचे काम सुरू केले. सुरूच्या बनापलीकडच्या वाळूत कुंपण घालून तयार केलेल्या जागेत प्रत्येक घरट्यातील अंडी, साधारण शंभर किंवा त्याहून अधिक, तितक्याच खोल खड्ड्यात पुन्हा पुरली जातात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात. वर टोपली झाकलेली असते आणि ती सकाळी व संध्याकाळी उचलून पाहतात.

पहिल्या सकाळी टोपल्यांखाली काहीच निघाले नाही, संध्याकाळीही नाही. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी पैसे परत मिळतील का, अशी विचारणा केली, तेव्हा घरट्यांची देखभाल करणाऱ्या कासवमित्राने न चिडता सांगितले, की पिल्ले वेळापत्रक पाहून येत नाहीत. हे उत्तर मला पटले, कारण येथे पर्यटकांच्या सोयीसाठी पिल्ले राखून ठेवली जात नाहीत. दुसऱ्या सकाळी मात्र एकाच टोपलीखाली अकरा पिल्ले होती. त्यांना उचलून थेट पाण्यात न सोडता लाटांपासून काही अंतरावर वाळूत ठेवले गेले, आणि दोराच्या अलीकडे उभे राहून आम्ही त्यांचे अडखळत, थांबत जाणे पाहिले. एक पिल्लू लाटेने दोनदा मागे फेकले गेले.

राहण्याची सोय ग्रामस्थांच्या घरीच होते. आमच्या खोल्या साध्या, पण स्वच्छ होत्या. जेवण शाकाहारी असून घावन आणि सोलकढी विशेष उत्तम होती. हॉटेलची सवय असलेल्यांना सामायिक स्नानगृह गैरसोयीचे वाटेल. माझी खरी तक्रार पाहुण्यांविषयी आहे: वारंवार सांगूनही काही जण दोर ओलांडत होते आणि फ्लॅशचा प्रकाश टाकत होते. अशांना तेथून बाहेर काढण्याइतका कडकपणा व्यवस्थापनाने दाखवायला हवा. जायचे असल्यास शनिवार-रविवार टाळावा आणि किमान दोन रात्री हाताशी ठेवाव्यात.