ए.ए., केंद्र की अल-अनॉन? आधी कुठे जायचं

नवऱ्याच्या दारूने हैराण झालेल्या चुलत बहिणीने परवा फोनवर विचारलं, “ताई, ह्यांना ए.ए.ला पाठवू की व्यसनमुक्ती केंद्रात ठेवू?” (ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट.) मी उलट विचारलं, सकाळी हात थरथरतात का? म्हणाली, घोटभर पोटात गेली की थांबतात.

मग आधी डॉक्टर. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. ए.ए.च्या मीटिंगमध्ये औषध मिळत नाही. ते काम रुग्णालयाचं किंवा डॉक्टर असलेल्या केंद्राचं. (आणि दारू सुटावी म्हणून चहातून गुपचूप द्यायची गोळी? अजिबात नको. त्यावर तो प्यायला तर जिवाशी खेळ होतो.)

केंद्र म्हटलं की आपल्याला पुण्याचं मुक्तांगण आठवतं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई पाठीशी होते. अशा ठिकाणी राहून शरीर सावरतं, दिवसाला शिस्त लागते, समुपदेशक घरच्यांशीही बोलतात. पण रजा काढावी लागते, खर्च असतो, आणि परत आल्यावर नाका तोच, मित्र तेच.

ए.ए. कामी येते ती या परतीनंतर. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून ठेवलं, तिथून ही सुरू झाली. फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही, खर्चापुरते पैसे सभासदच टाकतात. अट एकच, दारू सोडायची इच्छा. ती मात्र त्याची हवी, बायकोची चालत नाही. तिथे देवासारख्या ‘उच्च शक्ती’वर भरवसा ठेवायला सांगतात, ते ऐकून काही जण पहिल्याच दिवशी उठून जातात. त्यांना मी एवढंच सांगते, की २०२० साली कॉक्रेन या उपचारांवरचं संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास तपासले, तेव्हा पूर्ण दारूमुक्त राहण्यात ए.ए.कडे वळवणारे पद्धतशीर उपचार इतर उपचारांपेक्षा सरस ठरले होते.

अल-अनॉन हा असाच गट, पण पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी. ए.ए. सुरू करणाऱ्या त्या दोघांपैकी बिलची बायको लोइस हिने १९५१ साली एका मैत्रिणीबरोबर ती उभी केली. नवरा पीत असला तरी आपण जायचं. मी गेले ते त्याला सुधारायची युक्ती मिळेल म्हणून. शाळेचा वर्ग, गुडघे आपटतील अशी बुटकी बाकं. युक्ती कुणीच दिली नाही. तिथे सल्ला देतच नाहीत, आणि त्याचा मला फार राग आला. मग एक बाई म्हणाली, मी बाटलीच्या लेबलावर पेन्सिलीने रेघ मारून ठेवायचे, किती उतरली ते बघायला. सगळ्या हसल्या. माझ्या पर्समध्ये तेव्हाही तसलीच पेन्सिल होती.

सरळ सल्ला हवा असेल तर केंद्रातला समुपदेशक बरा. मारहाण होत असेल तर मात्र मीटिंगची वाट बघायची नाही. ११२ (तातडीची मदत) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन) लावायचा आणि मुलांना घेऊन बाहेर पडायचं.

बहिणीचा नवरा डॉक्टरकडे जायला अजून तयार नाही. ती गुरुवारी माझ्याबरोबर अल-अनॉनला येते आहे. घरी काय सांगू, म्हणाली. भिशी आहे म्हणून सांग, म्हटलं. मीही वर्षभर तेच सांगत होते.