न केलेल्या फोनचं बिल

२००४ च्या जूनमध्ये आलेलं टेलिफोनचं बिल मी तीनदा वाचलं. दर दोन महिन्यांनी हजार-बाराशेच्या घरात येणारा आकडा त्या वेळी १४,३८२ होता. दुसऱ्या कुणाचं तरी बिल आपल्या दारात टाकलंय असंच वाटलं. पण नाव आमचं होतं आणि नंबरही आमचाच.

तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागात, घरामागच्या शेडमध्ये आमचे सहा यंत्रमाग चालायचे. टॉवेल मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत दुबईला जायचे. तिथल्या गिऱ्हाइकाशी कधीमधी बोलावं लागे, म्हणून फोनवर आयएसडी, म्हणजे थेट परदेशी फोन लावायची सोय, चालू करून घेतलं होतं. नक्षीचे नमुने ई-मेलने पाठवायला कॉम्प्युटर आणि फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा मोडेम घेतला होता. इंटरनेट लावलं की लोकल कॉलचे पैसे पडतात, एवढं मला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर माझं लक्षही असायचं. घरातलं कुणी बसलं तर मी घड्याळ बघूनच उठवायचो.

बिल घेऊन ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या बाबूने आयएसडी कॉलची यादी काढून दिली. एकूण एक नंबर ००२३९ ने सुरू होणारा. वेळ रात्री दहानंतरची. कुठे चार मिनिटं, कुठे एकोणीस, एक तर एक्केचाळीस मिनिटांचा. त्याने पुस्तकात बघून सांगितलं, हा साओ टोमेचा कोड. आफ्रिकेजवळचं बेट आहे म्हणे. मग जरा पुढं वाकून, आवाज उतरवून म्हणाला, "अण्णा, घरात तरणं पोर हाय का कोण? असल्या नंबरावर घाणेरडं बोलणं चालतंय."

सुट्टीला आलेला माझा भाचा तेव्हा घरातच होता. नुकतीच दहावीची परीक्षा दिलेला. मी घरी गेलो आणि त्याला काही विचारायच्या आधीच एक ठेवून दिली. बहिणीच्या पोरावर मी कधी हात उगारला नव्हता. "मामा, मी फोनला हात पण लावला नाही," असं तो रडत सांगत होता. मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बार्शीच्या एसटीत बसवून दिलं.

पोरगा खरं बोलत होता, हे चार दिवसांनी कळलं. कॉम्प्युटर बसवून देणारा मुलगा दुसऱ्याच कामासाठी आला होता, त्याला मी यादी दाखवली. त्याने इंटरनेट जोडायची खिडकी उघडली. तिथे आमच्या नेहमीच्या कनेक्शनशेजारी आणखी एक चित्र होतं, आम्ही कुणीच न बनवलेलं. त्यावर क्लिक केल्यावर नंबराच्या चौकटीत दिसलं ००२३९, आणि पुढचे आकडे यादीतलेच.

भाचा सेहवागचे वॉलपेपर शोधत होता. त्या मार्चमध्येच मुलतानला ३०९ झाले होते, पोरं वेडी झाली होती. एका साइटवर चौकट आली, "फुकट बघण्यासाठी होय म्हणा" अशा अर्थाची. इंग्रजीत होती, त्याने होय केलं. त्यासरशी एक छोटा प्रोग्राम आत शिरला. अशांना डायलर म्हणतात. तो चालू लोकल कनेक्शन तोडतो आणि त्याच मोडेमवरून परदेशी नंबर फिरवतो. एरवी जोडताना आमचा मोडेम घरभर ऐकू जाईल असा किरकिरायचा. डायलर आधी तो आवाजच बंद करतो. पडद्यावर पानं उघडत राहतात, मोडेमचे दिवे लुकलुकत राहतात, आणि पैसे मात्र आयएसडीचे पडत जातात.

यात कमाई कुणाची? परदेशी कॉलचा काही वाटा तो कॉल घेणाऱ्या देशाच्या टेलिफोन कंपनीला मिळतो आणि त्यातला हिस्सा ती नंबर चालवणाऱ्याला देते. अमेरिकेत १९९७ मध्ये असंच प्रकरण सरकारने कोर्टात नेलं होतं. लोकांच्या बिलावर युरोपातल्या मोल्दोव्हा देशाचे कॉल लागत होते, प्रत्यक्षात ते कॅनडातच थांबवले जात होते. तिथे ग्राहकांना पैसे परत मिळाले. आमचं बिल आलं त्याच वर्षी आयर्लंडने तेरा ठिकाणांना थेट फोन लावणंच बंद करून टाकलं, त्यातली बरीचशी पॅसिफिकमधली बेटं होती.

माझे पैसे परत आले नाहीत. लेखी अर्ज दिला. उत्तर आलं की कॉल तुमच्याच फोनवरून गेलेत, बिल भरावं लागेल. तीन हप्ते करून दिले, एवढीच सवलत. एक्स्चेंजचा मीटर चुकला नव्हता, हे मला पटतं. पण एकाच नंबरावर रोज रात्री कॉल जातायत हे त्यांना दिसत असताना कुणी एक फोन करून विचारलं असतं, तर आमचा महिना वाचला असता. हा राग माझ्या मनात अजून आहे.

डायलर काढून टाकला, फोनला गुप्त आकड्याचं एसटीडी-आयएसडी लॉक घातलं, आणि बार्शीला जाऊन भाच्याची माफी मागितली. बहीण दोन वर्षं नीट बोलली नाही. घरात असं काही झालं तर आधी यंत्र तपासा, पोराला नंतर विचारा, आणि विचारलंत तर त्याचं ऐकून घ्या.

फोन फिरवून इंटरनेट जोडायचं ते डायलअप गेलं. मग हे आता का लिहितोय? गेल्या आठवड्यात शेजारच्या मावशींच्या मोबाइलवर पहाटे एक रिंग वाजून फोन कटला. त्यांचा मुलगा परदेशात असतो. त्याचाच असेल म्हणून त्यांनी उलट फोन लावला. पलीकडे नुसतं संगीत वाजत होतं, आणि त्या "हॅलो, हॅलो" करत थांबून राहिल्या. बॅलन्स संपला तेव्हाच फोन तुटला. या प्रकाराला जपानी भाषेतला वांगिरी हा शब्द आहे, म्हणजे एक रिंग देऊन कट करणं. वाटेत कॉम्प्युटर नाही एवढाच फरक. नंबरापुढे +९१ सोडून दुसरा आकडा असेल आणि माणूस ओळखीचा नसेल, तर उलट फोन करू नका.

काल मावशींच्या मोबाइलवरून कस्टमर केअरला फोन लावला आणि आयएसडी बंद करून घेतलं. मुलगा त्यांच्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतो, त्याला आयएसडी लागत नाही.