४०५० ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घेतला, पण आधी वॅट विचारले

धाकट्याला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली आणि घरात "कॉलेजसाठी" लॅपटॉप घ्यायचं ठरलं. कॉलेजला काय लागतं ते त्यालाही माहीत आणि मलाही, पण पप्पांसमोर आम्ही दोघं नुसतं ऑटोकॅड ऑटोकॅड (इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) करत होतो. बजेट ८० हजार, वर एक रुपया नाही.

आता मेन मुद्दा. स्टिकरवर आरटीएक्स (एनव्हिडिया कंपनीचं, गेमसाठी लागणारं ग्राफिक्स कार्ड) लिहिलंय म्हणजे झालं काम, असं अजिबात नसतं. लॅपटॉपमधलं ४०५० हे एकच कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर सेट केलेलं असू शकतं, वॅट कमी तेवढा वेग कमी, म्हणजे बारीक दिसणाऱ्या मॉडेलमधे त्याला उपाशी ठेवतात आणि जाड्या मॉडेलमधे पोटभर जेवण, नाव मात्र दोन्हीकडे सेम टू सेम. साधारण ९०-१०० वॅट मिळाले की बास, त्याच्यापुढे या कार्डात तसाही फार फरक पडत नाही. त्याच्या आधीच्या ३०५० कार्डात तर अजून गोंधळ, ४ जीबी मेमरीचं पण येतं आणि ६ जीबीचं पण, ४ वालं आज कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका, नवीन गेम उघडला की टेक्श्चर (चित्रातले बारकावे) लो करण्यातच दिवस जाईल.

डोंबिवलीहून दादर, दादरहून ग्रँट रोड, आणि तिथनं चालत लॅमिंग्टन रोड, म्हणजे कॉम्प्युटरचा बाजार. पहिल्या दुकानात विचारलं, भाऊ ग्राफिक्स कार्ड किती वॅटचं आहे. त्याने शांतपणे चार्जर उलटा केला, वाचला आणि म्हणाला "एकशे सत्तर सर, एकदम पॉवरफुल!" तो आकडा चार्जरचा होता, कार्डचा नाही. धाकटा हसला, मी त्याला कोपर मारलं आणि आम्ही बाहेर. दोन दुकानं सोडून एक मुलगा बसला होता, कॉलेजातलाच वाटला, त्याने काही न बोलता डेमो पीस चालू केला, एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडून सिस्टीम इन्फर्मेशनमधे मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवरची ओळ दाखवली, ९५ वॅट. तिथेच घेतला. ७७,५०० ला, बॅग आणि माऊस फुकट, माऊस आठवड्यात गेला तो भाग वेगळा.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण एकाच नावाच्या मॉडेलचे चार प्रकार असतात आणि तुम्हाला भलताच मिळाला तर मला शिव्या द्याल.

सहा महिन्यांचा अनुभव सांगतो. व्हॅलोरंट सेकंदाला १४४ फ्रेमच्या वर आरामात पळतो, स्क्रीनच १४४ हर्ट्झची (सेकंदाला तेवढीच चित्रं दाखवणारी) आहे त्यामुळे त्याच्यापुढे आकडा बघून काय करणार. जीटीए फाईव्हला तर काही अडचणच नाही. सायबरपंक २०७७ मीडियम-हाय मिक्स करून आणि डीएलएसएस (लहान चित्र एआयने मोठं करून वेग वाढवणारी सोय) क्वालिटीवर ठेवून ६० फ्रेमच्या आसपास मिळतात, रे ट्रेसिंगला (खऱ्यासारखा उजेड-सावली दाखवणारी सेटिंग) हात लावायचा नाही, ६ जीबी मेमरी लगेच बोंबलते. पैसे असतील तर ८ जीबीवालं ४०६० घ्या, पण आमच्या बजेटमधे जे ४०६० येत होतं त्यात बाकी सगळीकडे काटकसर दिसत होती म्हणून सोडलं.

रॅम ८ जीबीची एकच पट्टी आली होती. सुरुवातीला गेम मधेच अडकायचा, धाकट्याला वाटलं नेट स्लो आहे, दोन दिवस वायफायवाल्याला फोन करून पिडलं बिचाऱ्याला. शेवटी तशीच दुसरी ८ ची पट्टी बसवली, ड्युअल चॅनल झालं (दोन्ही पट्ट्या एकत्र काम करायला लागल्या) आणि झटके गेले. हा खर्च आधीच बजेटमधे धरा.

रडगाणं पण आहे. स्क्रीन फिकट आहे, ४५ टक्के एनटीएससी वाली (म्हणजे कमी रंग दाखवणारी), लाल रंग विटकरी दिसतो. स्पेसिफिकेशनमधे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते बघा, शंभर टक्के एसआरजीबी (जास्त रंग दाखवणारी स्क्रीन) मिळत असेल तर दोन-तीन हजार जास्त द्या. मे महिन्यात गेम चालू असताना तापमान ८५ च्या पुढे जातं, कीबोर्डचा मधला भाग तव्यासारखा होतो, मागून वहीचे दोन गठ्ठे लावून उचलून ठेवलं की जरा कमी होतं, कूलिंग पॅडवर आम्ही पैसे घातले नाहीत. चार्जर काढला की गेमिंग विसरा, बॅटरीवर कार्डला पूर्ण पॉवर मिळतच नाही, आणि चार्जर म्हणजे विटेएवढा, सकाळी ८ च्या फास्ट लोकलला ती बॅग पुढे छातीशी धरून चढायचं म्हणजे काय ते डोंबिवलीकरांना विचारा. धाकटा आता चार्जर घरीच ठेवतो आणि ऑटोकॅड लायब्ररीतल्या पीसीवर करतो. पप्पांना अजून सांगितलेलं नाही.