2012 ची वॅगनआर, फुल इन्शुरन्स आणि टोचनचे दीड हजार

गाडी 2012 ची, पेट्रोल, 998 सीसी. थोडक्यात: थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर, फर्स्ट पार्टी म्हणजे आपल्याच गाडीचं झालं तर, दोन्ही मिळून फुल; आयडीव्ही म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत. मागच्या रिन्युअलला फुल घेतला होता. मित्र तेव्हाच म्हणाला होता, "काहून पैसे फेकून रायला बे? थर्ड पार्टी मार अन् मोकळा हो." या हिवाळ्यात तो विमा वापरायची वेळ आली, आणि आता पुन्हा रिन्युअल दारात उभं आहे.

झालं असं की दारव्ह्याहून रात्री येताना तुरीच्या वावरातून रोही (नीलगाय) आडवा आला. आम्हाला कोणाला लागलं नाही, रोहीसुद्धा उठून पळाला. गाडीचं तोंड मात्र गेलं: बंपर, जाळी, एक हेडलाइट, बोनेट, रेडिएटर, समोरची काच.

आता टोचन. ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी दारव्ह्यापर्यंत आणली, त्याचे गावातल्या पोरानं पैसे घेतले नाहीत. पण विमा कंपनीचं कॅशलेस गॅरेज, म्हणजे जिथलं बिल कंपनी थेट भरते, ते निघालं अमरावतीला. क्रेनवाल्यानं साडेपाच हजार घेतले. पॉलिसीत गाडी उचलून नेण्याचा खर्च एका अपघाताला जास्तीत जास्त 1,500 रुपये. बाकीचे चार हजार माझे. हा आकडा कुठून आला ते शोधलं तर 2002 च्या मोटर टॅरिफमध्येही, म्हणजे गाडीच्या विम्याच्या दर-अटींच्या पुस्तकातही, हाच! डिझेल वाढलं, प्रीमियम वाढला, दीड हजार तिथंच. नागपूर-पुण्यात गॅरेज चौकात असतं, तिथं पुरत असतील. आमच्याकडे गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात आणि नियम मात्र शहराचा. रोडसाइड असिस्टन्स (रस्त्यात गाडी अडली तर मदत) जोडून मागितलं तर दहा वर्षांवरच्या गाडीला मिळत नाही असं उत्तर आलं. म्हणजे जी गाडी बंद पडायची शक्यता जास्त, तिलाच नाही.

या रागात मी ठरवूनच टाकलं होतं की यंदा फक्त थर्ड पार्टी. 2,094 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2,471. विषय संपला.

मग नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरचा हिशोब आला आणि राग थोडा उतरला. गॅरेजचं बिल 27,600. प्लास्टिकवर 50 टक्के घसारा, म्हणजे माल जुना म्हणून तेवढी कपात, गाडी दहा वर्षांवरची म्हणून पत्र्यालाही 50 टक्के. बंपर, जाळी, हेडलाइटच्या 5,600 चे 2,800 मिळाले, बोनेटच्या 5,000 चे 2,500, रेडिएटरच्या 3,800 चे 1,900. पण काचेवर घसारा शून्य! 4,500 ची काच पूर्ण मंजूर. मजुरी 4,000 पूर्ण. रंगाच्या 4,000 मध्ये घसारा फक्त मालाच्या भागावर, त्यामुळे 3,500. कूलंट, नटबोल्ट वगैरे 700 हिशोबात धरलेच नाहीत. दर क्लेमला आपणच सोसायचे सक्तीचे हजार वजा जाऊन 18,200 हातात, वर टोचनचे दीड हजार. थर्ड पार्टीच्या वर मी ज्या जादा भागासाठी वर्षाला 1,900 आणि वर जीएसटी देत होतो, त्याच्या मानानं वाईट नाही. कबूल.

पण रिन्युअलचा कोटेशन पाहा. क्लेम न केल्याबद्दल मिळणारा 50 टक्के बोनस (प्रीमियममधली सूट) एका क्लेममध्ये शून्य, त्यामुळे तोच जादा भाग आता 3,700. आयडीव्ही 1,10,000 वर आली. एजंट भाऊ म्हणाला आणखी कमी करा, प्रीमियम उतरेल. करू नका! दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. 1,10,000 वर ती रेघ 82,500 ला आहे. 70,000 केली तर 52,500 ला येते. रोहीच्या जागी उसाचा ट्रॅक्टर असता तर गाडी दुरुस्त होण्याऐवजी भंगारात गेली असती. दुसरा उपाय म्हणून क्लेममध्ये पहिले अडीच हजार स्वतःचे असा पर्याय दाखवला, त्यात 740 वाचतात. एक बंपर फुटला की गेले.

तरीही मी पुन्हा फुलच भरला, आणि तो गाडीसाठी नाही. आमच्या गाडीत कधी नुसते चौघंच बसत नाहीत. लग्नाला निघालो की शेजारची काकू, तिची नात, यवतमाळच्या दवाखान्यात दाखवायला निघालेला कोणीतरी, सगळे. नुसत्या थर्ड पार्टीत रस्त्यावरचा माणूस आहे, पण गाडीत फुकट बसलेला नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये स्कूटरवर मागं बसलेल्या माणसाच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. फुल म्हणजे पॅकेज पॉलिसीत मात्र गाडीतला माणूसही येतो, हे 2012 च्या निकालात आहे. एजंटनं हे मला कधी सांगितलं नाही, त्याला बोनस आणि आयडीव्ही एवढंच येतं. नुसती थर्ड पार्टी असताना अपघात झाला आणि काकूच्या घरच्यांनी उद्या दावा केला तर तो कोणावर? माझ्यावर, आणि माझ्याकडे विकायला एक वावर आहे. त्यापुढे 3,700 काहीच नाहीत.

जो एकटाच गाडी चालवतो, पेट्रोल भरून बाजार करून येतो, त्याची गाडी लाखाच्या आत असेल तर थर्ड पार्टी आणि मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा पुरे. माझ्यासारख्या वऱ्हाडी गाडीला नाही.

टोचनबद्दल कंपनीला मेल केला होता. "पॉलिसीच्या अटींनुसार" एवढं एक वाक्य आलं. दारव्ह्याच्या क्रेनवाल्याशी आता आधीच बोलून ठेवलं आहे, यवतमाळपर्यंत तीन हजार. यंदा यवतमाळात गॅरेज असलेली कंपनी पाहूनच पॉलिसी घेतली. 2027 ला आरसीची पंधरा वर्षं भरतात. तेव्हा पासिंगचा खर्च बघून मग पुढचं.