'किटी सू', दिल्ली: परीक्षण दारापासून

नाइटक्लबचे परीक्षण बहुधा संगीत, पेये आणि गर्दी यांवरून होते. दिल्लीत बाराखंबा भागातील 'द ललित' या हॉटेलमधल्या 'किटी सू'बद्दल लिहिताना मी सुरुवात दारापासून करतो, कारण सर्वांना सामावून घेणारी जागा अशीच या क्लबची ख्याती आहे आणि ती कितपत खरी, हे आतल्या गाण्यांपेक्षा बाहेर उभा असलेला बाउन्सर अधिक नेमकेपणाने सांगतो.

आपल्याकडच्या अनेक क्लबांत 'स्टॅग एंट्री नाही' हा नियम असतो. एकट्या पुरुषाला किंवा पुरुषांच्या टोळक्याला प्रवेश नाही, सोबत स्त्री हवी. स्त्रियांना त्रास होऊ नये म्हणून हा नियम केल्याचे सांगितले जाते आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु आत स्त्रियांची संख्या दिसली की खर्च करणारे पुरुष येतात, हा व्यवसायाचा हिशेबही त्यामागे असतो; 'लेडीज नाइट'ची फुकट पेये त्याच हिशेबातली आहेत. या नियमात कोण भरडले जाते ते पाहावे. दोन पुरुषांचे जोडपे म्हणजे दोन 'स्टॅग' ठरतात. ट्रान्स स्त्रीच्या, म्हणजे जन्मावेळी पुरुष म्हणून नोंद झालेल्या स्त्रीच्या, ओळखपत्रावर जुने नाव असेल तर तिला रांगेतल्या सर्वांसमोर खुलासा करावा लागतो. जोडपे कोणाला म्हणायचे, हे बाउन्सर ठरवतो, आणि त्याच्या मागे 'प्रवेशाचा अधिकार राखून ठेवला आहे' अशी पाटी असते. वास्तविक दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून नागरिकाला अडवता येणार नाही, असे संविधानाचे कलम 15(2) स्पष्ट सांगते. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्यानेही लोकांसाठी खुल्या असलेल्या सेवा नाकारण्यास मनाई केली आहे. पाटी मात्र जागच्या जागी आहे.

या पार्श्वभूमीवर 'किटी सू'चे वेगळेपण कळते. 'द ललित' हॉटेल समूहाच्या मालक कुटुंबातले केशव सूरी स्वतः समलिंगी आहेत आणि 2018 साली भारतीय दंड संहितेच्या कलम 377 विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकाकर्त्यांपैकी एक आहेत. त्या वर्षीच्या 6 सप्टेंबरला न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. परंतु या क्लबमध्ये ड्रॅगचे, म्हणजे सहसा पुरुष कलाकारांनी भडक स्त्रीवेशात सादर केलेले, कार्यक्रम त्याआधीपासून होत होते, म्हणजे निकालानंतर बाजार दिसला म्हणून सप्तरंगी झेंडा लावणाऱ्यांपैकी ही जागा नव्हे. 'राणी कोहिनूर' या नावाने गाजलेल्या, मुंबईच्या सुशांत दिवगीकर यांचे कार्यक्रम या क्लबमध्ये झाले आहेत. व्हीलचेअर वापरणारे डीजे वरुण खुल्लर यांनाही येथे संधी मिळाली, आणि मला ही बाब ड्रॅगइतकीच महत्त्वाची वाटते, कारण अपंग माणूस रात्री नाचायला किंवा नाचवायला येईल ही कल्पनाच आपल्या क्लबचालकांच्या डोक्यात सहसा नसते. हॉटेल समूहाने ट्रान्स व्यक्तींना नोकरीवरही घेतले आहे. मंचावर वर्षातून एक रात्र टाळ्या मिळणे आणि दरमहा पगार मिळणे यांत मोठे अंतर आहे.

आम्ही गेलो ते तिघे पुरुष, म्हणजे इतरत्र दारावरूनच परतवले जाणारे गिऱ्हाईक. सोबत मुलगी का नाही, असे कोणी विचारले नाही. ओळखपत्र पाहिले, तपासणी झाली आणि आत सोडले. हे एवढे साधे असावे याचेच कौतुक करावे लागते. संगीताबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आवाज माझ्या वयाला जरा जास्त होता. आत समलिंगी जोडपी होती, स्त्री-पुरुष जोडपी होती, ऑफिसमधून थेट आलेले लोक होते आणि कोणी कोणाकडे टक लावून पाहत नव्हते. एकेकाळी मुंबईत कुलाब्याच्या 'व्हूडू' या पबमध्ये शनिवारची रात्र समलिंगी पुरुषांची मानली जाई. आठवड्यातली एक रात्र आणि तीही ऐकून माहीत असणाऱ्यांसाठी. त्या तुलनेत येथे इतर गिऱ्हाइकांसोबत, उघडपणे आणि कोणत्याही रात्री येता येते, हा बदल लहान नाही.

तरीही 'सर्वांसाठी' हा शब्द मी जपून वापरेन. हा पंचतारांकित हॉटेलातला क्लब आहे आणि येथील दर त्या दर्जाला साजेसेच असणार. कनॉट प्लेसच्या सिग्नलवर उभ्या राहणाऱ्या हिजड्यांना येथे कायद्याने किंवा धोरणाने कोणी अडवणार नाही, पण बिल अडवेल. इंग्रजी बोलण्याची सवय, कपडे, हॉटेलच्या लॉबीतून न बिचकता चालत जाण्याचा सराव, याही अदृश्य अटी आहेत आणि त्यांत जात व वर्ग दोन्ही येतात. एका खाजगी क्लबने समाजाची सगळी विषमता मिटवावी अशी माझी अपेक्षा नाही. मात्र अधूनमधून अल्प प्रवेशमूल्याची रात्र, जिथे किमान पेयखरेदीची सक्ती नसेल, ठेवणे अशा हॉटेलला जड जाऊ नये.

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. दिल्लीत मद्यासाठी किमान वय 25 आहे, तेव्हा ओळखपत्र बरोबर ठेवावे. बाराखंबा रोड हे मेट्रो स्थानक जवळ आहे खरे, परंतु क्लब रंगात येईपर्यंत शेवटची गाडी निघून जाते आणि परतीला टॅक्सीच उरते. नटूनथटून आलेल्या ट्रान्स स्त्रीला किंवा हातात हात घालून बाहेर पडणाऱ्या दोन पुरुषांना त्या टॅक्सीत कशी वागणूक मिळेल, यावर क्लबचा अंमल चालत नाही, म्हणून गाडी हॉटेलच्या आवारातच बोलवावी आणि शक्यतो सोबतीने निघावे.