बाहेरच्या तापमानाचा सेन्सर: ओरिजिनल घ्यावा की बाजारातला?

भर मे महिन्यात कोल्हापूरच्या तावडे हॉटेल चौकात गाडी उभी आहे, मीटरवर बाहेरचं तापमान उणे ४० आणि एसी नुसता वारा फेकतोय. अशा वेळी गॅस भरून घ्यायच्या आधी बंपरमागचा बोटाच्या पेराएवढा सेन्सर तपासावा. बाहेर फार थंडी असेल तर कॉम्प्रेसर लागू द्यायचा नाही, अशी सोय बऱ्याच ऑटो एसीत असते.

सेन्सरच्या आत थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, उतरतो. वायर तुटली किंवा सॉकेट सुटलं की रेझिस्टन्स अफाट होतो आणि गाडीला तो कडाका वाटतो. म्हणजे उणे ४० दिसलं म्हणून सेन्सरच गेला असं नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा, पावसाळ्यातला लाल चिखल आणि उंदीर, हे तिघे सेन्सरपेक्षा सॉकेट आणि वायर आधी खातात. उलट आकडा कायम दहा-बारा अंश जास्त दाखवत असेल, तर बंपरचं डेंटिंग-पेंटिंग कधी झालं ते आठवा. बंपर परत लावताना सेन्सर क्लिपमध्ये न बसवता एसीच्या तापणाऱ्या कंडेन्सरजवळ लोंबकळत सोडलेला असतो. तिथे नवा घेऊन काय होणार?

बहुतेक गाड्यांत तो पुढच्या बंपरच्या खालच्या जाळीमागे, कंडेन्सरच्या पुढे असतो. फियाट पुंटोसारख्या काही गाड्यांत मात्र बाजूच्या आरशात. सॉकेट काढा, पिनांवर हिरवा गंज असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पुन्हा लावून बघा. फरक पडला नाही तर इग्निशन चालू ठेवून सॉकेटच्या दोन पिनांमध्ये साधारण ५ व्होल्ट येतात का ते मोजा. येत असतील तर वायर ठीक, सेन्सर बदला.

आता मुद्द्याचं. बाजारातले स्वस्त सेन्सर थर्मिस्टरमुळे क्वचितच मार खातात. मार खातात ते प्लास्टिकच्या लॉकमुळे आणि सॉकेटच्या रबरी सीलमुळे. सील ढिलं असेल तर पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत जातं. दुसरी फसगत रेझिस्टन्सच्या व्हॅल्यूची: प्लग बसला म्हणजे सेन्सर जुळला असं नाही. २५ अंशांना कुठल्या गाडीचा सेन्सर २ किलोओहमचा, कुठला १० चा, तर ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत ३० च्या आसपास. चुकीचा लावला तर एसी चालेलही, पण आकडा कायम खोटा.

म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कुठेही दुकानाच्या काउंटरवरच मल्टिमीटर लावा. टोक मुठीत धरलं की रेझिस्टन्स लगेच उतरायला हवा, सोडलं की चढायला हवा. आकडा अडखळत उड्या मारत असेल तर परत द्या. जुना सेन्सर आणि चॅसी नंबर दोन्ही सोबत न्या.

जाळीतून हात पोचत असेल तर बाजारातला चालेल, पैसे वाचतात. बंपर उतरवावा लागत असेल तर ओरिजिनलच घ्यावा, कारण दुसऱ्यांदा बंपर काढायची मजुरी ती सगळी बचत खाते. शिवाय जुन्या बंपरच्या क्लिपा दर वेळी दोन-चार तुटतातच.

बसवताना इग्निशन बंद. सॉकेट लॉक दाबून काढायचं, वायर ओढून नाही. टोक धातूला टेकू देऊ नका, वायर शक्यतो खालून वर सॉकेटकडे येऊ द्या, म्हणजे पाणी खालीच गळतं. आणि लगेच आकडा बदलला नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका. उभ्या गाडीत इंजिनच्या धगीने आकडा फुगू नये म्हणून बऱ्याच गाड्या जुनंच तापमान धरून ठेवतात. हायवेला दहा-पंधरा मिनिटं चालवा. घाई असेल तर स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लाइव्ह डेटा बघा, तिथे खरा आकडा लगेच दिसतो. काही गाड्यांत जुना फॉल्ट कोडही तिथूनच पुसावा लागतो.

सॉकेटचं लॉक आधीच तुटलेलं असेल तर दोन वायरींसकट तयार सॉकेट वेगळं मिळतं. जोड सोल्डर करून हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा. नुसती इन्सुलेशन टेप पावसात उकलते.