सोसायटीच्या स्विमिंग पूलला कोणत्या रंगाची टाइल? नऊ महिने वापरल्यावरचा अनुभव

आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा पूल गेल्या फेब्रुवारीत रिकामा केला, जुन्या टाइल उखडल्या, वॉटरप्रूफिंग नव्याने केलं आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नव्या ग्लास मोझॅकसह, म्हणजे काचेच्या छोट्या चौकोनी तुकड्यांच्या टाइलसह, तो पुन्हा सुरू झाला. पूल पोडियमवर, म्हणजे टॉवरच्या पायथ्याच्या सामायिक मजल्याच्या छतावर आहे. १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद, साडेतीन ते साडेचार फूट खोल. दोन्ही बाजूंना २२ मजली टॉवर, त्यामुळे थेट ऊन पाण्यावर पडतं ते साधारण अकरा ते अडीच. मापं आधीच देतेय, कारण रंगाबद्दल पुढे जे लिहिलंय ते याच खोलीला आणि याच उन्हाला धरून आहे. तुमचा पूल गच्चीवर मोकळ्या उन्हात असेल तर चित्र थोडं वेगळं असेल.

रंगाचं काम माझ्याकडे आलं, कारण कमिटीत रोज सकाळी पोहणारी मी एकटीच. मी पोहायला शिकले दादरला, शिवाजी पार्कजवळच्या महापालिकेच्या महात्मा गांधी जलतरण तलावात. पूल म्हटलं की तळ स्वच्छ दिसणारं पाणी, हेच माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत मात्र प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये वेगळा फोटो होता. कुणाला रिसॉर्टसारखा हिरवा हवा, कुणाला राखाडी-काळा, कुणाला पांढराशुभ्र. फोटो सगळेच सुंदर होते, आणि सगळे भर दुपारच्या लख्ख उन्हातले होते.

दुकानात टाइल बघून काहीच कळत नाही, हे पहिल्याच फेरीत लक्षात आलं. हे तुकडे फूटभराच्या शीटवर एकत्र चिकटवलेले येतात. ट्यूबलाइटखाली, कोरड्या, हातात धरलेल्या शीटचा रंग आणि चार फूट पाण्याखालचा रंग यांचा फारसा संबंध नसतो. पाणी स्वतः प्रकाशातला लाल भाग शोषून घेतं. तळापर्यंत जाऊन परत डोळ्यापर्यंत येईपर्यंत प्रकाश जितकं जास्त पाणी कापतो, तितका तो निळसर होत जातो. म्हणून पांढऱ्या टाइलच्या पूलमधलं पाणीही फिकट निळं दिसतं. दुकानदाराने बादलीत शीट बुडवून दाखवली, पण बादलीत जेमतेम एक फूट पाणी. त्यात काय कळणार?

मग जुना पूल रिकामा करायच्या आधीच आम्ही एक गोष्ट केली, आणि या सगळ्या कामातला तो सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता असं मी आजही म्हणेन. सहा रंगांच्या शीट सिमेंटच्या बोर्डाच्या तुकड्यांवर चिकटवल्या, प्रत्येकाला नायलॉनची दोरी बांधली आणि चार फुटांवर तळाला सोडल्या. तीन दिवस तशाच ठेवल्या. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री दिवे लावल्यावर, असं मी रोज चार वेळा जाऊन बघत होते.

दुपारी बाराला हिरवी शीट अप्रतिम दिसली. पाचूसारखी. संध्याकाळी टॉवरची सावली आली की तीच शीट शेवाळ धरल्यासारखी. वाळूच्या रंगाची बेज शीट उन्हात हिरवट निळी, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या उथळ पाण्यासारखी दिसायची, पण सावलीत तिच्यावरचं पाणी गढूळ वाटायचं. पाणी तेच, फिल्टर तोच. गडद निळी सावलीत जवळपास शाईसारखी झाली. राखाडी शीटने सगळ्यांनाच चकित केलं, कारण पाण्याखाली ती राखाडी दिसतच नव्हती, खोल, गंभीर निळी दिसत होती. आमच्या चेअरमनकाकांनी तिथेच तिला मत दिलं. पांढरी फारच फिकट. आणि फिकट निळी, पांढरे आणि थोडे मध्यम निळे तुकडे मिसळलेली, ती चारही वेळांना पाण्यासारखी दिसत होती.

राखाडी रंग मागे पडला तो लाइफगार्डमुळे. तो म्हणाला, "ताई, रंग कुठलाही घ्या, पण तळाला पडलेलं मला खुर्चीवरून दिसलं पाहिजे. बुडणारा माणूस ओरडत नाही." त्याने एका तपकिरी नॅपकिनमध्ये दगड बांधला आणि एकेका बोर्डावर सोडून बघितला. फिकट निळ्या आणि पांढऱ्या बोर्डावर नॅपकिन सावलीतही दिसत होता. राखाडीवर तो बोर्डाच्या नेमका मध्यावर असूनही खुर्चीवरून सापडत नव्हता. चेअरमनकाका स्वतः त्या खुर्चीत जाऊन बसले, दोन मिनिटं बघत राहिले, आणि उतरून म्हणाले, "राखाडी नको."

याचा अनुभव मला आधी अलिबागला आला होता. मावसभावाच्या बंगल्यात काळसर पूल आहे. संध्याकाळी त्यात आख्खं आकाश उतरतं, खरंच बघत बसावंसं वाटतं. तिथे माझा चष्मा पाण्यात पडला आणि सव्वाचार फूट पाण्यात तो पायाने चाचपडत शोधावा लागला. घरची चार मोठी माणसं पोहणार असतील, तर तो रंग घ्यायला माझी ना नाही. साठ मुलं उतरणाऱ्या सोसायटीच्या पूलला गडद तळ मी कधीच सुचवणार नाही. शिवाय गडद तळाची खोली कळत नाही. तशीही पाण्याची खोली डोळ्यांना तीन चतुर्थांशच भासते, म्हणजे चार फूट पाणी तीन फूट वाटतं. त्यात तळच दिसेनासा झाला, तर लहान मुलाने अंदाज कशावरून बांधायचा?

तर आम्ही फिकट निळं मिश्रण घेतलं, २० मिलिमीटरचे तुकडे. नमुन्यापेक्षा एक छटा फिकट घेतली, कारण एक फुटाचा नमुना आणि तळ-भिंती मिळून १४० चौरस मीटरचा पूल यांत फरक पडतो. चारही भिंती आणि तळ एकमेकांवर रंग टाकतात आणि सगळं मिळून रंग गडद होतो. हा अंदाज बरोबर ठरला. पायऱ्यांच्या कडांना गडद निळ्या तुकड्यांची दोन इंची पट्टी दिली. तिचा उपयोग मी सासूबाईंना पाण्यात उतरताना रोज बघते. पूर्वी त्या कठडा दोन्ही हातांनी धरून पायाने पायरी शोधायच्या, आता खाली बघून सरळ उतरतात.

ग्राउटकडे, म्हणजे तुकड्यांमधल्या फटी भरायच्या मसाल्याकडे मात्र आमचं हवं तेवढं लक्ष गेलं नाही. २० मिलिमीटरचा तुकडा आणि २ मिलिमीटरची फट असा हिशेब केला, तर एकूण पृष्ठभागाचा सुमारे १७ टक्के भाग ग्राउटचा असतो. म्हणजे पूलच्या रंगाचा सहावा हिस्सा टाइलचा नाहीच. आम्ही पांढरं इपॉक्सी ग्राउट घेतलं, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचं. इपॉक्सी घेतल्याचा अजिबात पश्चात्ताप नाही. सिमेंटचं ग्राउट मऊ पाण्यात हळूहळू झिजतं, कारण पाण्यात कॅल्शियम कमी असलं की ते सिमेंटमधून ओढून घेतं, आणि पावसाळ्यात पूलमध्ये पडणाऱ्या पावसाने पाणी आणखी मऊ होतं. आमच्या जुन्या पूलच्या फटी नखाने उकरता येतील इतक्या पोकळ झाल्या होत्या. पण पांढरा रंग ही चूक झाली. पाण्याच्या रेषेवर आणि सर्वांत वरच्या पायरीवर, जिथे थेट ऊन पडतं, तिथे ते नऊ महिन्यांतच पिवळट झालंय. फिकट राखाडी घेतलं असतं तर कळलंही नसतं.

दुसरी चूक जास्त लागली. काच अर्धपारदर्शक असते, तिच्यामागे जे लावाल त्याचा रंग पुढे दिसतो. म्हणून फिकट ग्लास मोझॅक चिकटवायला पांढरं ॲडहेसिव्ह लागतं. कोटेशनमध्ये तसं लिहिलेलं होतं. शेवटच्या दिवशी पांढऱ्या गोण्या संपल्या आणि कंत्राटदाराच्या माणसांनी खोल बाजूच्या कोपऱ्यात राखाडी ॲडहेसिव्हवर टाइल बसवल्या. कोरडं असताना फरक दिसला नाही. पाणी भरलं आणि साधारण चार फूट बाय तीन फुटांचा एक चौकोन बाकीच्या तळापेक्षा काळवंडलेला दिसायला लागला. ११ टँकरचं पाणी भरून झालेलं. लाइफगार्डने पहिल्या दिवशी त्या चौकोनाकडे बघून खुर्चीतून उडीच मारली होती, कुणीतरी खाली आहे असं वाटून. ती उडी मी विसरलेले नाही. कंत्राटदाराने चूक मान्य केली, पण दुरुस्ती पुढच्या वेळी पूल रिकामा होईल तेव्हाच.

आता वापराबद्दल. एप्रिल-मेमध्ये पूल अगदी मनासारखा दिसला. दुपारी ऊन तळावर जाळीसारखं हलतं, मिश्रणातले मध्यम निळे तुकडे मधूनच चमकतात, मुलं ती जाळी पकडायला बुड्या मारतात. मेमध्ये पाणी गरम होतंच, पण फिकट रंगामुळे त्यात भर पडली नाही. उघड्या गच्चीवरच्या पूलला गडद रंग घेणाऱ्यांनी मुंबईच्या मेचा विचार जरूर करावा, गडद तळ ऊन शोषून पाणी तापवतो.

काठाला मात्र आम्ही शोभेसाठी सहा इंचांचा गडद निळा पट्टा घेतला होता, आणि मेच्या शेवटी त्यावर पांढरी रेघ उमटली. महापालिकेचं भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून येणारं तलावांचं पाणी मऊ असतं, पण पूल आम्ही टँकरने भरतो आणि टँकरचं पाणी बोअरवेलचं. त्यातले क्षार पाण्याच्या रेषेवर साचतात. फिकट टाइलवर ते दिसत नाहीत, गडदवर खडूने रेघ ओढल्यासारखे दिसतात. आम्ही दर पंधरा दिवसांनी पातळ व्हिनेगर आणि मऊ ब्रशने पुसून घेतो. तीव्र ॲसिड वापरू देऊ नका, कुणीही कितीही आग्रह केला तरी.

जूनच्या मध्यावर आभाळ भरून आलं आणि तक्रारी सुरू झाल्या. "पाणी घाण दिसतंय." पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) ७.४ म्हणजे योग्य, क्लोरीनही बरोबर, तळाचा एकेक तुकडा मोजता येतोय, तरी पाणी राखाडी. गंमत म्हणजे तक्रारी सगळ्या खालच्या मजल्यांवरून आणि काठावर बसणाऱ्यांकडून. चौदाव्या मजल्यावरून मी गॅलरीतून बघितलं तर पूल निळाच. तिरकस नजरेला पाण्यावर आकाशाचं प्रतिबिंब दिसतं, वरून सरळ बघणाऱ्याला तळ दिसतो. मुंबईत चार महिने आकाश राखाडी असतं, त्यामुळे काठावरून दिसणारा पूलही चार महिने राखाडी असणार, टाइल कुठलीही घ्या. मी सूचनाफलकावर हे लिहून लावलं आणि शेजारी रोजचे पीएच-क्लोरीनचे आकडे लिहायला सुरुवात केली. आकडे दिसायला लागल्यावर तक्रारी थांबल्या.

ऑगस्टमध्ये फिकट रंगाने खरी मदत केली. सलग पाऊस झाला, क्लोरीन घटलं, आणि एका सकाळी पायरीखालच्या कोपऱ्यात पांढऱ्या तुकड्यांवर हलकी हिरवी झाक दिसली. हात फिरवला तर बुळबुळीत. पाणी तेव्हा पूर्ण नितळ होतं. त्याच दिवशी ब्रश मारला, क्लोरीन वाढवलं, रात्रभर फिल्टर चालवला, दुसऱ्या दिवशी पूल बंद ठेवला. हिरव्या टाइलवर हे शेवाळ पाणी हिरवं होईपर्यंत दिसलं नसतं.

रात्रीच्या दिव्यांबद्दल थोडक्यात: जुने पिवळसर दिवे फिकट निळ्या टाइलवर हिरवट पडायचे. पांढरे एलईडी लावले, प्रश्न मिटला.

एक गोष्ट टाइलबाहेरची, पण रंगाचीच. माझ्या मुलीचा पोहण्याचा पोशाख आकाशी होता. जूनमध्ये ती पाण्याखालून पोहत गेली आणि दहा सेकंद ती मला दिसेना, मी काठावरच उभी असताना. फिकट निळ्या तळावर आकाशी कपडा विरघळून जातो. दुसऱ्या दिवशी तिला भडक केशरी पोशाख आणला. आता सोसायटीत लहान मुलांना केशरी, लाल किंवा पोपटी पोशाखच घालायचा असं ठरलंय. पालकांनी कुरकुर न करता ते ऐकलं, याचा मला फार आनंद आहे.

त्याच लॉटच्या १५ शीट पंपरूममध्ये खोक्यात ठेवल्यात. पुढच्या लॉटची छटा जुळेलच असं नसतं, त्यामुळे हे प्रत्येकाने करावं. या फेब्रुवारीत पूल रिकामा होईल, तेव्हा तो काळवंडलेला चौकोन काढून पुन्हा बसवणार आहोत आणि काठाचा गडद पट्टाही बदलणार आहोत. पांढऱ्या ॲडहेसिव्हच्या चार गोण्या आम्हीच विकत घेऊन ठेवल्यात, आणि त्या फुटतील तेव्हा मी रजा घेऊन तिथे उभी असणार आहे.